पान उलटल्याचा आवाज

गेली बत्तीस वर्षं मी सोफे आणि खुर्च्या बनवतोय. माणूस बसतो कसा, टेकतो कुठे आणि त्याची पाठ कधी कुरकुरायला लागते, हे मला त्याच्या डॉक्टरच्या आधी कळतं. ही फुशारकी आहे हे मला ठाऊक आहे, पण खरी आहे म्हणून मारतो. तर अशा माणसाला म्युझिक सिस्टिमच्या दुकानातल्या एका गुळगुळीत सेल्समनने सांगावं, "काका, या किमतीत आवाज येतो, पण मजा नाही येत. मजा हवी असेल तर वरच्या मजल्यावर चला," तेव्हा डोकं फिरणार नाही तर काय होणार?

"मजा मी आणतो," मी म्हटलं. "तुम्ही फक्त डबा द्या."

डबा म्हणजे डिजिटल रिसीव्हर. एका बाजूने त्याला रेकॉर्ड प्लेअर, टीव्ही, फोन, काय हवं ते जोडायचं आणि दुसऱ्या बाजूने स्पीकरच्या वायरी बाहेर काढायच्या. दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवर, धूळ खात पडलेला, सगळ्यात स्वस्त डबा मी उचलला आणि घरी आलो.

तो ताईसाठी होता. ताई माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आयुष्यभर तिने शाळेत पियानो शिकवला, लग्न केलं नाही, आणि सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्यावर माझ्या नि माझ्या बायकोच्या आग्रहाखातर आमच्याकडे राहायला आली. बरोबर दोन बॅगा कपडे, दोन उंच लाकडी स्पीकर, एक रेकॉर्ड प्लेअर, तीनशेच्या वर रेकॉर्डी आणि एक म्हातारा अ‍ॅम्प्लिफायर. तो म्हातारा इथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी धूर सोडून गार पडला. दुरुस्तीवाल्याने त्याचं पोट उघडून पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा बंद केलं. तेव्हापासून ताईने एकही रेकॉर्ड ऐकली नव्हती. घरात ती वावरायची ती पाहुण्यासारखी, कपसुद्धा विचारून घ्यायची. मला ते बघवत नव्हतं.

कुठलंही यंत्र चांगलं की वाईट हे ठरवायची ताईची एकच परीक्षा होती. तिच्याकडे पियानोची एक रेकॉर्ड आहे. वाजवणारे तिचे गुरुजी. एका रिकाम्या सभागृहात ती रेकॉर्ड केली तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती, आणि गुरुजींच्या डाव्या बाजूला उभं राहून स्वरलिपीची पानं उलटायचं काम तिच्याकडे होतं. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या रचनेत, अगदी संथ जागेवर, तिने उलटलेल्या एका पानाचा आवाज त्या रेकॉर्डवर आला आहे. वेष्टनावर गुरुजींचं नाव आहे, सभागृहाचं आहे, पियानो जुळवून देणाऱ्याचंही आहे. ताईचं नाही. पण ते पान आहे. नवीन सुई आणली, वायर बदलली, खोली बदलली, की ताई आधी ती जागा लावायची आणि बोट वर करून थांबायची. पान ऐकू आलं की यंत्र पास.

बुधवारी संध्याकाळी मी डबा जोडला. पुस्तिका उघडली नाही. बत्तीस वर्षांत मी कुठल्या यंत्राची पुस्तिका उघडली नव्हती आणि तेव्हाही ती पिशवीतच राहिली. स्पीकर बायकोने परवानगी दिली तिथे ठेवले, म्हणजे एक कुंडीच्या मागे कोपऱ्यात आणि दुसरा कपाटाला चिकटून. डब्याबरोबर लिंबाएवढा एक मायक्रोफोन होता, लांब वायरीचा. तो ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा, मग डबा स्पीकरमधून हुप्प हुप्प असे आवाज काढतो, मायक्रोफोन ते ऐकतो, आणि त्या खोलीला नि त्या जागेला जुळेल असा आवाज डबा स्वतःच बेतून घेतो, असं सेल्समनने सांगितलं होतं. मी मायक्रोफोन सोफ्याच्या मधोमध, ताईच्या आवडत्या जागेवर, गादीवर ठेवला. हुप्प हुप्प झालं. पडद्यावर 'पूर्ण' आलं. मला आवाज जरा धुकट वाटला म्हणून मी तीव्र सूर, म्हणजे वरच्या पट्टीतले, आणखी थोडे चढवले. 'स्टेडियम' नावाचं एक बटण होतं, तेही दाबलं. फुकट मिळतंय तर सोडा कशाला.

ताईने सुई टेकवली. मला तर झकास वाटलं.

बायको स्वयंपाकघरातून कानांवर हात ठेवून बाहेर आली. "अहो, काचा कोण फोडतंय?"

"याला स्पष्टपणा म्हणतात," मी म्हटलं. "तुला सवय नाही."

ताई डोळे मिटून बसली होती. तिसरी रचना आली, संथ जागा आली, तिने बोट वर केलं. मी तिच्याकडेच पाहत होतो. बोट बराच वेळ तसंच राहिलं आणि मग हळूच खाली आलं. रचना संपल्यावर तिने सुई उचलली, झाकण लावलं, रेकॉर्ड पाकिटात घातली.

"नाही आलं," ती म्हणाली.

"काय नाही आलं?"

"पान. इतकी खरखर आणि इतका कर्कश आवाज तर आधी कधी नव्हता. डबा नवा आहे, धाकट्या. म्हणजे कान गेले माझे."

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जुन्या रेकॉर्डी घेणाऱ्या एका माणसाला फोन केला आणि रविवारी दुपारी चारला सगळ्या घेऊन जा म्हणून सांगितलं. मी दुकानात निघालो होतो. चपला तशाच घालून आत गेलो.

"ताई, तुझे कान ठणठणीत आहेत. डबा चुकतोय."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे. तू बंद दाराआडून माझी शिंक ऐकून विचारतेस, सर्दी झाली का म्हणून. आणि म्हणे कान गेले!"

"शिंक वेगळी, पान वेगळं. मला आता ऐकायचंच नाही. जे आहे ते अर्धवट ऐकत बसण्यापेक्षा ज्याला ऐकू येतं त्याच्याकडे जाऊ दे."

"रविवारी चारपर्यंत मला वेळ दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी पतंग झाडावरून काढून आणतो म्हणायचो तेव्हा असंच पाहायची. "चारला तो येणार," ती म्हणाली. "मग मी ऐकून घेणार नाही."

गुरुवारी मी दुकान लवकर बंद केलं. ताईनेच एक गोष्ट शिकवली, जरी मन तिचं त्यात नव्हतं. "खोलीच्या मध्ये उभा राहा आणि टाळी वाजव," म्हणाली. मी वाजवली. ताई म्हणाली, "टर्रर्र झालं बघ, भिंतीवरून भिंतीवर. तुझी खोलीच वाजते आहे, पियानो कुठून ऐकू येणार?" मला काही टर्रर्र ऐकू आलं नाही, पण बायकोनेही मान डोलावली म्हणून मी विश्वास ठेवला.

आता हे आमच्या घरातलं जुनं भांडण. आमच्या दिवाणखान्यातले सोफे माझ्या कामाचे नमुने आहेत. गिऱ्हाईक घरी येऊन पाहून जातं, म्हणून मी त्यांच्यावरचं जाड, पारदर्शक प्लास्टिक कधी काढलं नाही. पंधरा वर्षं आम्ही त्या प्लास्टिकवर बसतोय. उन्हाळ्यात उठताना कातडी सोलते. शिवाय जमिनीवर काही नाही, पडदे पातळ. सगळ्या कडक, गुळगुळीत गोष्टी. मी कात्री घेतली आणि प्लास्टिक टराटरा फाडलं.

बायको दारात उभी राहून बघत होती. "मी पंधरा वर्षं सांगतेय तेव्हा हात चालला नाही," ती म्हणाली. "वन्संसाठी मात्र पाच मिनिटांत!"

"तू पियानोचं कारण सांगायला हवं होतंस."

दुकानातून जाड मखमलीचे दोन मोठे उरलेले तुकडे आणून मी खिडकीवर टांगले, एक गालिचा स्पीकरसमोर पसरला. मग स्पीकर. कुंडी हलवली, कपाट सरकवलं. दोन्ही स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, सुतळी घेऊन ताईच्या जागेपासून दोघांचं अंतर मोजलं, आणि तेवढंच अंतर दोघांच्या मध्ये ठेवलं. तोंडं किंचित आत वळवली. मोजायच्या कामात आपला हात कोणी धरू शकत नाही. 'स्टेडियम' बंद केलं, कारण ताई म्हणाली की गुरुजी स्टेडियममध्ये कधी वाजवत नव्हते. मायक्रोफोन पुन्हा गादीवर ठेवून हुप्प हुप्प करून घेतलं, आणि तीव्र सूर माझ्या पसंतीने पुन्हा चढवले.

फरक पडला. पियानो आता दोन खोक्यांतून न येता त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून यायला लागला. बायकोने कानांवर हात ठेवले नाहीत. पण ताईचं बोट वर गेलं आणि तसंच खाली आलं.

"बरं आहे," ती म्हणाली. "पण खालचे सूर अंग धरत नाहीत आणि वरचे टोचतात. पान कुठे तरी त्या टोचण्याखाली असेल. किंवा नसेलही."

शुक्रवारी तिने खोकी मागवली. एकेक रेकॉर्ड काढून मऊ फडक्याने पुसायची, काठ तपासायची, पाकिटात घालून खोक्यात उभी ठेवायची. घाई नाही, चिडचिड नाही. संध्याकाळपर्यंत चार खोकी भरली. मी तिच्याशी बोललो नाही, कारण बोललो असतो तर ओरडलो असतो. मला राग डब्याचा होता, त्या सेल्समनचा होता, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. तिची खोकी गेली की तिच्या दोन बॅगा उरणार होत्या, आणि दोन बॅगा घेऊन माणूस कुठेही निघून जाऊ शकतो.

शनिवारी सकाळी दुकानात सलूनवाला आला. आमच्याच रस्त्यावर त्याचं सलून आहे. त्याच्या खुर्चीचा डोकं टेकवायचा तुकडा पार चपटा झाला होता, तो नवीन हवा होता.

"मास्तर, उंची नीट धरा हं," तो म्हणाला. "मागच्या कारागिराने बैठकीपासून अंदाजाने लावला आणि गिऱ्हाइकाची मान टेकायची, डोकं टेकायचं नाही. मला कानाच्या मागे आधार पाहिजे. वस्तरा कानापाशी चालतो माझा."

"बसा इथे," मी म्हटलं. त्याला माझ्या नमुन्याच्या खुर्चीत बसवलं, टेपचं टोक गादीवर धरलं आणि टेप वर ओढत ओढत त्याच्या कानापर्यंत नेली. सत्तावीस इंच. खडूने मागच्या कापडावर खूण केली आणि तसाच उभा राहिलो. टेपचं एक टोक गादीवर, दुसरं कानापाशी.

बत्तीस वर्षं मी सगळं बैठकीपासून मोजलं. उंची बैठकीपासून, पाठ बैठकीपासून, हात बैठकीपासून. माझ्यासाठी बसणारा माणूस गादीपासूनच सुरू होतो. म्हणून तो लिंबाएवढा मायक्रोफोन मी दोन्ही वेळा गादीवर ठेवला. चार इंच फोमवर, उंच पाठीच्या आणि दोन जाड हातांच्या मध्ये, पुरून ठेवल्यासारखा. आणि डब्याने बिचाऱ्याने अगदी चोख काम केलं. त्या खड्ड्यात तीव्र सूर पोचत नव्हते, फोम ते गिळत होता, म्हणून त्याने ते दुप्पट करून पाठवले. सोफ्याच्या पाठीपाशी खालचे सूर साचत होते, म्हणून त्याने ते छाटून टाकले. आवाज सुरेख बेतला होता, पण ताईच्या कानांसाठी नाही. ती ज्यावर बसते त्यासाठी.

"मास्तर?" सलूनवाला म्हणाला. "काय झालं? माझा कान वाकडा आहे का?"

"तुमचा कान लाखमोलाचा आहे," मी म्हटलं. "बसून राहा. आलोच."

तो बिचारा अर्धा तास बसून राहिला, हे मला नंतर कळलं.

घरी येऊन मी ताईला सोफ्यावर बसवलं आणि टेप लावली. ती मला वेड लागलं की काय अशा नजरेने बघत होती. सव्वीस इंच. जुन्या दिव्याची एक बारीक उभी दांडी माळ्यावर होती, ती सव्वीस इंचांवर कापली, खाली जड पाट बसवला, वर मायक्रोफोन चिकटवला आणि ताईला उठवून तिच्या जागी ती दांडी बसवली. आजूबाजूच्या उशा काढल्या. फ्रिज बंद केला. बायकोला आणि ताईला बाहेर घालवलं, मीही बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. आतून हुप्प हुप्प ऐकू येत होतं. गंमत म्हणून बायकोने पिशवीतली पुस्तिका काढून उघडली. दुसऱ्याच पानावर चित्र होतं: सोफा, त्यावर उभी दांडी, तिच्या टोकाला मायक्रोफोन, आणि शेजारी ठिपक्यांच्या रेषेने काढलेला माणसाचा कान. तिने ते पान माझ्या नाकासमोर धरलं.

'पूर्ण' आलं. आत जाऊन मी सवयीने तीव्र सुरांच्या बटणाकडे हात नेला.

"हात मागे," ताई म्हणाली. पन्नास मुलांना एका वेळी गप्प करणारा तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "आता कशालाही शिवायचं नाही."

"बरं. मग लाव ना."

"आज नाही. उद्या." ती खोक्यांकडे बघत होती. "उद्या नाही आलं ऐकू, तर मग कुणाचीच चूक उरणार नाही. एक रात्र राहू दे."

रविवारी ती साडेतीनला येऊन बसली. ती एक रेकॉर्ड तिने खोक्यात घातली नव्हती. तिने पाकीट हातात घेतलं आणि बेल वाजली. रेकॉर्डीवाला वीस मिनिटं आधी आला होता, पन्नाशीचा, जाड चष्म्याचा, मागे रिकामी ढकलगाडी. मला त्याला दारातच अडवायचं होतं, पण ताई म्हणाली, "येऊ दे. तुम्ही बसा. हे एवढं ऐकते आणि मग बोलू." तो अवघडून खुर्चीच्या काठावर बसला. बायको ओले हात पुसत येऊन दारात उभी राहिली.

सुई टेकली. आणि मी पैजेवर सांगतो, त्या सगळ्यात खालच्या फळीवरच्या डब्यातून पियानो निघाला. खालचे सूर जमिनीतून पायांत चढले. वरचे सूर टोचेनात, ते नुसते यायचे आणि विरून जायचे. गुरुजी पेडलवरून पाय काढायचे तेवढ्यात सगळं कसं मोकळं व्हायचं, तेसुद्धा कळत होतं. मला आदल्या दिवसांपेक्षा आवाज मऊ वाटला, जरा जास्तच मऊ, पण ताईने हात मागे ठेवायला सांगितलं होतं. रेकॉर्डीवाला काठावरून मागे सरकून टेकून बसला. खुर्ची माझी होती, टेकणारच.

तिसरी रचना सुरू झाली. संथ जागा आली. ताईने बोट वर केलं.

आणि तिचा चेहरा असा उजळला की मला काही विचारायची गरज उरली नाही. बोट खाली आलं ते थेट तिच्या ओठांवर गेलं. रेकॉर्डीवाल्याने चष्मा काढला. "पान उलटलं ना कुणीतरी?" तो हळूच म्हणाला. "जरासं उशिराच."

"मी," ताई म्हणाली. "दोन पानं एकमेकांना चिकटली होती. गुरुजी एक सूर जास्त धरून थांबले माझ्यासाठी." ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "ऐकलंस ना, धाकट्या?"

दारातून बायकोही हसत म्हणाली, "मला इथपर्यंत आलं ऐकू."

तिघं माझ्याकडे बघत होती. मी हसू तयार ठेवलं होतं, मान हलवायचीच बाकी होती. पण मी काही ऐकलं नव्हतं. तिने बोट वर केलं, खाली आणलं, आणि मधल्या वेळात माझ्यासाठी नुसता पियानो होता. मला ते टर्रर्रही ऐकू आलं नव्हतं. काचा फुटल्यासारखा आवाज मला झकास वाटला होता. घरात सगळे पुटपुटतात असं मी पाच वर्षं म्हणत होतो. दुकानातल्या कॉम्प्रेसरशेजारी, पिना मारायच्या त्या बंदुकीच्या फटफटाटात बत्तीस वर्षं गेली, आणि कानात कापूस मी एकदाही घातला नाही.

"नाही," मी म्हटलं. "मला नाही आलं, ताई."

बायकोने तोंड उघडलं. तिच्याकडे पाच वर्षांचा साठा होता. तिने तो गिळला, त्याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

ताई उठली. रेकॉर्डीवाल्याला म्हणाली, "माफ करा, तुम्हाला हेलपाटा पडला. ही खोकी जाणार नाहीत." तो म्हणाला, "मीही दिली नसती," आणि आपणहून एक खोकं उचलून ढकलगाडीवर ठेवून विचारू लागला की रेकॉर्डींचं कपाट कुठल्या खोलीत आहे.

मग ताईने सुई पुन्हा त्या रचनेच्या सुरुवातीला ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसली, प्लास्टिक नसलेल्या सोफ्यावर. माझं मनगट हातात घेतलं. संथ जागा आली तेव्हा तिने बोटाने हलकेच दाबलं.

"आत्ता," ती म्हणाली. "इथे."

"इथे," मी म्हटलं.

"उद्या सकाळी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. मी येते बरोबर. आणि दुकानात उद्यापासून कानात काहीतरी घालून बसायचं."

चार दिवस मी छाती ठोकून सांगत होतो की ताईचे कान ठणठणीत आहेत, आणि माझं म्हणणं शेवटी खरं निघालं. मी तिला म्हटलं, "पुन्हा लाव," आणि मनगट तिच्या हातातच राहू दिलं.